चारशे मोऱ्या पाहिलेली बाई

सर्व्हेबाई कुणाच्याही घरी गेल्या की शेवटी हात धुवायला मागत. प्रश्न संपले, फॉर्म भरला, समोरच्या बाईने सुटलो बुवा असा चेहरा केला, की ह्या पेनाला टोपण लावायच्या आणि म्हणायच्या, "जरा हात धुऊ का हो? शाई लागलीय बोटांना." शाईबिई काही लागलेली नसायची. त्यांना मोरी बघायची असायची. बाहेरच्या खोलीत माणूस जे बोलतो त्यातलं निम्मं पाहुण्यासाठी असतं, हे अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांना पुरतं कळून चुकलं होतं. "आम्ही बाई त्या महागाच्या साबणाशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही," असं ठणकावून सांगणारीच्या मोरीत नखाएवढा झिजलेला तुकडा पडलेला असायचा, तोही दोन वेगळ्या साबणांचा, एकमेकांना चिकटवलेला. म्हणून काय तिला खोटारडी म्हणायचं? छे! पाहुण्यापुढे कोण आपलं झिजलेलं काढून दाखवतं?

पण फॉर्मवर मोरीसाठी रकानाच नव्हता, तिथेच सगळं घोडं पेंड खायचं. हे फॉर्म बनवायचे मुख्य कचेरीतले कुणी शहाणे. त्यांनी जन्मात स्वतःचा एक रुमाल धुतला असेल तर शपथ! त्यांचे प्रश्न तरी कसे? "एक ते दहापैकी किती गुण, तुम्हाला तुमच्या साबणाबद्दल किती जवळीक वाटते?" सर्व्हेबाई हा प्रश्न मान खाली घालूनच वाचायच्या, कारण समोरचीकडे बघितलं की हसू यायचं. एकीने तर चुलीवरचं दूध उतू जाऊ देऊन विचार केला आणि म्हणाली, "साबणाबद्दल? अहो, नवऱ्याबद्दल विचारलंत तरी सहाच्या वर जायची नाही मी." सर्व्हेबाईंनी साबणाला सहा लिहिले आणि पुढच्या घरी गेल्या.

जे खरं दिसायचं ते त्या समासात लिहायच्या. बारीक अक्षरात, तिरकं. 'बाई म्हणतात पावडर वापरते, मोरीत वडी आहे.' 'डबा कंपनीचा, आत सुटी पावडर.' आणि दर शनिवारी फॉर्म जमा करताना त्यांच्या साहेबाचा, ज्याला सगळ्या बायका टक्केवारी म्हणायच्या, तोच तो पाढा सुरू व्हायचा. "बाई, समासात लिहू नका हो. मशीन समास वाचत नाही."

"मशीन वाचत नाही, पण तुम्हाला डोळे आहेत ना?"

"बाई, एकसष्ट टक्के लोक समाधानी आहेत. त्यात तुमचं हे मोरीबिरी कुठे बसवू मी?"

मग सर्व्हेबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या आणि जिन्यावरून उतरताना एकट्याच बडबडायच्या. जिन्यातल्या पहारेकऱ्याला त्याची सवय झाली होती.

घरी यावं, तर तिथे दुसरा पालथा घडा. नवरा.

त्यांच्या नवऱ्याला सगळे मालक म्हणत, घरातसुद्धा. घरामागच्या दोन खोल्यांत मालकांचा कपडे धुण्याच्या साबणाचा कारखाना होता. कारखाना हा शब्द मालकांचा, आपण त्यांचं मन मोडायला नको. एका खोलीत मोठी कढई आणि ढवळायचं यंत्र, दुसरीत साबण थिजायच्या लाकडी पेट्या, कापायचं टेबल आणि वड्या बांधायला कागदाचे गठ्ठे. कामाला नऊ बायका. त्यांतली सगळ्यांत जुनी तारवाली मावशी. थिजलेल्या साबणाची लादी टेबलावर आली की ती दोन्ही हातांत तार ताणून धरायची आणि एका दमात ओढायची. बावीस वर्षांत तिच्या हातची वडी वाकडी म्हणून निघाली नव्हती. त्या वडीचा रंग निळा. आसपासच्या चार वस्त्यांत दुकानात जाऊन "एक निळी द्या" एवढं म्हटलं तरी पुरायचं.

आणि मग ते मंदीचं वर्ष आलं. मोठ्या कारखान्यांनी पाळ्या कमी केल्या, कुणाचा पगार अर्धा झाला, कुणाचा बंदच पडला. निळी वडी दुकानाच्या फळीवर धूळ खात बसली. मालक दुकानदाराला विचारायला गेले की तो हात वर करायचा. "मंदी आहे हो मालक, काय करणार!" मालक घरी येऊन तेच म्हणायचे, मंदी आहे. चहात साखर कमी पडली तरी मंदी, पंखा बंद पडला तरी मंदी. सर्व्हेबाईंच्या कानाला तो शब्द इतका टोचायला लागला, की तो ऐकला की त्या उठून भांडी घासायला जायच्या.

एके दिवशी जेवताना मालकांनी जाहीर केलं. लोकांपाशी पैसा नाही, तेव्हा आता छोटी वडी काढायची. अर्ध्या आकाराची, अर्ध्या किमतीची. साचेवाल्याशी बोलणं झालंय, महिनाअखेरीला जाऊन पक्कं करायचं. साच्यात दाबून वडी निघाली की तारेचं कामच उरत नाही, मागची खोली रिकामी होते, आणि नऊपैकी पाच बायकांना घरी बसवायचं.

"पाच?" सर्व्हेबाईंचा घास हातातच राहिला. "अहो, त्यातल्या तिघींच्या घरात दुसरं कमावणारं माणूस नाही."

"मग काय मी सगळ्यांनाच घेऊन बुडू?"

"बुडू नका. पण आधी विचारा तरी. कुणाला हवीय छोटी वडी? कुणी मागितलीय?"

"विचारलं की." मालकांनी बोटांवर मोजून दाखवलं. "मामेभावाला विचारलं, ताईला विचारलं, केस कापणाऱ्याला विचारलं. तिघंही म्हणाले, झकास कल्पना आहे."

धन्य! मामेभावाने जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही, म्हणून तर त्याच्या गळ्यात सगळ्या नातेवाइकांची जुनी कपाटं पडलेली. ताई धाकट्या भावापुढे अवाक्षर काढायच्या नाहीत. आणि ज्याच्या हातात वस्तरा आणि समोर गिऱ्हाइकाची मान, तो 'तुमची कल्पना भिकार आहे' म्हणेल होय? सर्व्हेबाईंनी हे सगळं स्पष्ट शब्दांत सांगितलं. अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या साबणासाठी दारोदार हिंडते, म्हणाल्या, एक आठवडा आपल्या साबणासाठी हिंडू द्या. मालक म्हणाले, "अगं, हे सर्व्हेचे चोचले मोठ्या कंपन्यांचे. चांगल्या दिवसांत ठीक आहे. मंदीत कुणाला सवड आहे?"

"चांगल्या दिवसांत दगडसुद्धा विकला जातो हो! विचारायचं ते असल्याच दिवसांत. लोकांचं वागणं बदललंय, ते कसं बदललं हे कळल्याशिवाय साचा कसला बनवताय?"

मालकांनी ताटात पाणी ओतलं आणि उठले. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही उगीच नाही. टक्केवारी निदान पगार देऊन दुर्लक्ष करायचा.

पण सर्व्हेबाई स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्याच सुमारास टक्केवारीने त्यांना कुठल्याशा कंपनीच्या धुण्याच्या पावडरचं काम दिलं होतं, चारशे घरं. त्यांनी ठरवलं, कंपनीचे प्रश्न कंपनीला, आणि हात धुताना आपला एक प्रश्न आपल्याला. मोरीच्या दारात उभं राहून, पदराला हात पुसत, अगदी सहज विचारायचं, "साबणाचं हल्ली कसं करता हो?"

पहिल्या चाळीस घरांत त्यांच्या लक्षात आलं, की मोऱ्यांत मोठी वडी दिसेनाशी झाली आहे. पण लहान वडीही नव्हती. होते ते तुकडे, चौकोनी, सारखे, मुद्दाम कापलेले. बाकीचे तुकडे कुठे? ते असायचे स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, नाहीतर कपाटात साड्यांच्या खाली, जिथे कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी. एक बाई सुरी विस्तवावर तापवून कापायची. एक जाड दोऱ्याने कापायची, दोऱ्याचं एक टोक दातात धरून. तिने समजावून सांगितलं, "अहो, अख्खी वडी मोरीत ठेवली की घरचे सगळे राजासारखे वापरतात. कापून तुकडा ठेवला, आठवड्याचा एक, की बरोबर हात आखडतो त्यांचा. तुकडे उन्हात वाळवले की आणखी पुरतात."

"मग दुकानातून छोटीच वडी का नाही आणत?"

"छोटी? ती पाण्यात ठेवली की चिखल. आणि छोटी घेणं म्हणजे रोज दुकान. नको बाई. मोठी घ्यावी, घरी कापावी, आपल्या हातात राहतं."

तिनेच नव्हे, एकापाठोपाठ एक बायकांनी हेच सांगितलं. ह्या वस्तीतल्या बाईचं त्या वस्तीतल्या बाईशी काही बोलणं झालेलं नाही, आणि तरी सगळ्यांनी एकाच वर्षात साबण कापायला सुरुवात केलेली! सर्व्हेबाईंच्या अंगावर काटा आला. एवढी मोठी गोष्ट शहरभर चाललेली, आणि कुठल्याच फॉर्मवर तिला रकाना नाही.

मग त्यांनी मन घट्ट करून पुढचं विचारलं. "आणि ती निळी वडी? ती नाही का घेत?"

"निळी?" दोरावाली बाई हळहळली. "चांगली होती हो. माझी आईसुद्धा तीच वापरायची. पण ती कापताच येत नाही. दोरा लावला की भुगा. अर्धी मोरीतून वाहून जाते. अख्खी वापरताना कधी कळलं नव्हतं."

बासष्ट घरांत निळ्या वडीचं नाव निघालं, आणि त्यांतल्या चोपन्न घरांत तिचा भुगा झालेला होता. सर्व्हेबाईंनी हे समासात नाही लिहिलं. स्वतंत्र वही केली, घराघराची नोंद केली, आणि ती वही रात्रीच्या जेवणाआधीच मालकांपुढे ठेवली. मालकांनी वही वाचली. सर्व्हेबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मालक रागाने लाल झाले.

"लोकांना साबण कापता येत नाही, त्याला मी काय करू? साबण काय कापायची वस्तू आहे?"

"आता आहे. काल नव्हती, आज आहे. तेच तर सांगतेय!"

"बायका काय, तोंडाला येईल ते सांगतात. दुसऱ्या कंपनीचं नाव घेऊन आलेल्या बाईसमोर आपल्याला नावं ठेवणारच."

एवढं झाल्यावर सर्व्हेबाईंचा तोल गेला. "माझ्यावर विश्वास नाही ना? मग उद्या चला माझ्याबरोबर. नवीन शिकाऊ माणूस म्हणून बसायचं. तोंड उघडायचं नाही, आपण कोण ते सांगायचं नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं? तोंड बंद ठेवायला काय शिक्षण लागतं?"

लागतं हो लागतं. पहिल्याच घरी ते सिद्ध झालं.

तिसऱ्या मजल्यावरची एक शिक्षिका. मालक कोपऱ्यातल्या स्टुलावर फॉर्मांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले, अगदी शहाण्या मुलासारखे. पावडरचे प्रश्न झाले, हात धुऊन झाले, निळ्या वडीचा विषय निघाला. शिक्षिका मोकळेपणाने बोलायला लागली. भुगा होतो, पैसे वाया जातात, कागद उघडला की कोपरे आधीच तुटलेले असतात, मी तर घरी येणारा-जाणारा भेटेल त्याला सांगते, घेऊ नका. सर्व्हेबाई भराभर लिहीत होत्या. आणि कोपऱ्यातून आवाज आला.

"बाई, तुमची सुरी बोथट असेल."

सर्व्हेबाईंनी डोळे वटारले. पण गाडी उताराला लागली होती.

"आमची वडी तीस वर्षं बाजारात आहे. आमच्या वडिलांनी सुरू केलेली. अशी कशी फुटेल?"

शिक्षिकेने एकदा मालकांकडे बघितलं, एकदा सर्व्हेबाईंकडे, आणि तिचा चेहरा असा काही गोड झाला की विचारू नका. "अय्या, तुमचीच का ती वडी? आधी नाही का सांगायचं! अहो चांगलीच आहे की. एखादी फुटली असेल, त्यात काय एवढं? थांबा, चहा टाकते." आणि मग चहा होईपर्यंत तिने निळ्या वडीचे असे पोवाडे गायले, की तीस वर्षांत कुणी गायले नसतील. कपडे कसे पांढरेशुभ्र निघतात, वास कसा मंद आहे. सर्व्हेबाई फॉर्म मिटून बसून राहिल्या. आता त्या घरातून खरा शब्द म्हणून निघणार नव्हता.

जिन्यात मालक खुशीत म्हणाले, "बघितलंस? नीट विचारलं की लोक नीट सांगतात."

"नीट?" सर्व्हेबाईंना ओरडताही येईना, कारण जिन्यात आवाज घुमतो. दात-ओठ खाऊन त्या कुजबुजल्या, "अहो, ती तुमचं तोंड बघून बोलली! माझ्यापाशी ती खरं बोलत होती, फुकट, न मागता, आणि तुम्ही जाऊन त्यावर झाकण घातलंत. कंपन्या हे ऐकायला माणसं नेमतात, आणि तुम्हाला ते घरबसल्या मिळत होतं तर तुम्ही भांडायला उठलात! तीस वर्षं बाजारात आहे म्हणे. तुम्ही बाजारात आहात कुठे? तुम्ही त्या दोन खोल्यांत आहात." पुढच्या दारावर जाताना मालकांनी स्वतःच ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

दुसरं घर एका निवृत्त बसचालकाचं. एकटा माणूस, घर टापटीप, चपला एका रेषेत. धुण्याचा विषय निघताच, सर्व्हेबाईंनी विचारायच्या आधीच, त्याने निळी वडी आणून दाखवली. जुनी सवय म्हणून घेतोय, म्हणाला, पण ही शेवटची. त्याने वर्तमानपत्र पसरलं, वडी ठेवली, दोरा ओढला. वडी मधून चिरली आणि दोन्ही बाजूंनी ढासळली. चालकाने तो भुगा बारकाईने गोळा करून जुन्या पायमोज्यात भरला आणि गाठ मारली. "असा वापरतो आता," म्हणाला. "चिमटीत भुगा घेऊन बघा. तेल नाही हो यात. नुसती माती. मी इंजिनाला तीस वर्षं तेल घातलंय, मला कळतं. बनवणाऱ्याने हात आखडलाय."

सर्व्हेबाईंनी मालकांकडे बघितलं. ते भांडतील, निदान पुटपुटतील, असं त्यांना वाटलं होतं. मालक वर्तमानपत्रावर उरलेल्या निळ्या भुग्याकडे बघत होते आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत पांढरे पडले होते. "असं कसं झालं असेल?" एवढंसुद्धा ते म्हणाले नाहीत. ज्याला ठाऊक नाही तो विचारतो. हा माणूस विचारतच नव्हता.

घरी येताना सर्व्हेबाईंनी तीनदा विषय काढला. मालकांचं तीनदा डोकं दुखलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण अहो, मूठ उघडली नाही तर हात कुजेल की! त्या वैतागून पुढे चालायला लागल्या आणि अर्धा रस्ता दोघं असे चालले, की ओळख आहे असं कुणी म्हटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी महिनाअखेर. मालक आत नवा शर्ट घालत होते, साचेवाल्याकडे जायचं होतं. सर्व्हेबाई नेहमीप्रमाणे फॉर्मांची पिशवी खांद्याला लावून मागच्या दाराने कारखान्यातून निघाल्या, आणि आज टेबलापाशी थांबल्या. तारवाली मावशी लादी कापत होती. ती आता एका दमात तार ओढत नव्हती. इंच इंच ओढत होती, जिभेचं टोक दातात धरून, आणि तरी वडीचा कोपरा तुटून खाली पडलाच. टेबलाखाली टोपलं होतं, तुटक्या तुकड्यांनी काठोकाठ भरलेलं.

ह्या टोपल्यातले तुकडे रोज त्यांच्याच मोरीत यायचे. दोन वर्षं त्या घरी तुकडेच वापरत होत्या, आणि फुकटचं आहे म्हणून खुशीत होत्या.

"मावशी," त्यांचा आवाज चढला, "एवढी का फुटते ही? कधीपासून?"

कागद गुंडाळणाऱ्या बायकांचे हात थांबले. मावशीने तार खाली ठेवली.

"दोन वर्षं झाली वहिनी. तेल महागलं तेव्हा मालकांनी कढईत तेल कमी केलं आणि पांढरी भुकटी वाढवली. आम्ही म्हटलं, लादी ठिसूळ होतेय. ते म्हणाले, कुठे बोलायचं नाही, गिऱ्हाइकाला काही कळत नाही. तेव्हा खरंच कळलं नाही कुणाला. लोक कापायला लागले तेव्हा कळलं. माझ्या शेजारणीनेसुद्धा मला ऐकवलं."

सर्व्हेबाई मटकन कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या. चारशे घरं! पायाला फोड आले, चपलेचा अंगठा तुटला, नवऱ्याशी भांडण झालं, आणि उत्तर त्यांच्या मागच्या दारात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही चार वस्त्यांचा.

दारात मालक उभे होते. नव्या शर्टाचं वरचं बटण लावायचं राहिलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

"थोडे दिवसच करणार होतो," ते म्हणाले. "तेल उतरलं की पुन्हा पहिल्यासारखं. मग तसंच राहून गेलं. खपतही होती की."

"आणि म्हणून मला विचारू देत नव्हतात तुम्ही?" सर्व्हेबाईंना रागाने धाप लागली. "मंदी, मंदी, मंदी! सहा महिने त्या मंदीच्या आड लपून बसलात, आणि तुम्ही आखडलेल्या हाताचं प्रायश्चित्त ह्या पाचजणींनी घ्यायचं?"

मालकांनी साचेवाल्याला तिथूनच फोन लावला आणि आज येत नाही म्हणाले. मग थोडं थांबून, आज नाही आणि उद्याही नाही, म्हणाले. फोन खिशात टाकून त्यांनी मावशीकडे बघितलं आणि विचारलं, "पहिल्याइतकं तेल घातलं तर वडी महाग पडेल. लोक घेतील का?"

"ते मला काय विचारता? मी कुठे दुकानातून घेते? तुम्ही तुकडेच देता आम्हाला." मावशी म्हणाली. "वहिनींना विचारा. त्या हिंडल्यात चार वस्त्या."

मालकांनी बायकोकडे बघितलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि साबणाबद्दल त्यांनी सर्व्हेबाईंना पहिल्यांदा काही विचारलं. "घेतील का गं?"

"मोठी, न फुटणारी असेल तर घेतील. चोपन्न घरं तरी घेतील, वहीत पत्ते आहेत." एवढं बोलून त्या मावशीकडे वळल्या. अजून त्यांचा राग शमला नव्हता आणि तो कुठेतरी काढायचा होता. "पण मावशी, तुम्ही तरी! पाचांच्या यादीत तुमचं नाव पहिलं होतं, ठाऊक होतं ना तुम्हाला? दोन वर्षं रोज सकाळी मी तुमच्यासमोरून जाते. एका शब्दाने मला सांगायचं नाही?"

मावशीने तार उचलली, पदराने पुसली.

"वहिनी, तुम्ही हातात तो गठ्ठा घेऊन रोज इथून जाता. गावातल्या बायांना विचारायला. आम्ही नऊजणी बघतो. मी एकदा ह्या कागद गुंडाळणारीला म्हटलंसुद्धा, आज आपल्याला विचारतील बघ." तिने बोलता बोलता लादी सरळ केली. "तुम्ही कधी थांबला नाहीत."

सर्व्हेबाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या, आणि इतक्या हळू म्हणाल्या की दारातल्या मालकांना ते ऐकू गेलं नाही. मावशीला गेलं. तिने नुसती मान हलवली, तार दोन्ही हातांत ताणून धरली आणि ठिसूळ लादीच्या कडेवर जपून टेकवली.